आलिशान गाडी कशाला म्हणायचं? चार मीटरच्या रेषेची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या गाडीवेड्यांची चर्चा सध्या बहुतेक वेळा फाटकाएवढ्या ग्रिलवर नाहीतर डॅशबोर्डभर पसरलेल्या स्क्रीनवर येऊन थांबते. हा आवडीनिवडीचा भाग झाला. पण ४० टक्के जीएसटी भरून घेतलेली प्रत्येक गाडी ‘लक्झरी’ का, हा प्रश्न आवडीचा नाही, करकायद्यातल्या व्याख्येचा आहे. गेल्या वीस वर्षांत आपल्याकडच्या गाड्यांचा आकार डिझायनरच्या पेन्सिलीइतकाच या व्याख्येने ठरवला आहे.

जुना काळ थोडक्यात. सीमोल्लंघनाला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या पिढीतल्या उंची गाड्यांची चेसिस (खालचा सांगाडा) आणि इंजिन एका कारखान्यातून यायचं आणि वरची बॉडी कोचबिल्डर, म्हणजे बॉडी बांधणारा वेगळा कारागीर, बांधायचा. इंजिन लांबीत बसवलेलं, म्हणून बॉनेट लांब. पुढचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) आणि डॅशबोर्ड यांच्यात ऐसपैस अंतर. आजही जाणकार उंची गाडी ओळखतात ती याच अंतरावरून, लोगोवरून नव्हे. मग परवान्यांचा काळ, १९८३ ची मारुती ८००, आणि १९९५ मध्ये पुण्यात जुळणी सुरू झालेली मर्सिडीज डब्ल्यू १२४.

खरा गुंता २००६ च्या अर्थसंकल्पात सुरू झाला. लांबी ४,००० मिमीपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत, अशी ‘छोट्या गाडी’ची व्याख्या झाली आणि तिच्यावरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. हेतू चांगला होता. परिणाम मात्र पत्र्यावर दिसला. २००८ मध्ये टाटा इंडिगोची मागची बाजू कापून ३,९८८ मिमीची इंडिगो सीएस आली. स्विफ्ट डिझायर २००८ मध्ये ४,१६० मिमी होती, २०१२ मध्ये ती ३,९९५ वर आली आणि डिकी ४४० लिटरची ३१६ लिटर झाली. बाजूने बघितलं की कापणी दिसते: मागची काच उभी, तिच्यापुढे वीतभर डिकी, आणि मागचं चाक अंगापेक्षा मोठं वाटणारं. सेडानची शान मागच्या ओघवत्या रेषेत असते. तिलाच कात्री लागली.

इंजिनाच्या बाबतीतही तेच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्याला १,१९७ किंवा १,४९८ सीसी हे आकडे कुठून येतात ते सांगावं लागत नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) किंवा स्ट्रोक (पिस्टनची धाव) थोडा कमी केला की गाडी कराच्या खालच्या खणात बसते.

त्याहून अवघड शब्द ‘एसयूव्ही’. २०१३ मध्ये तिच्यावरचं शुल्क २७ वरून ३० टक्के झालं. अटी तीन आणि तिन्ही एकदम लागू: १,५०० सीसीच्या वर इंजिन, ४,००० मिमीच्या वर लांबी आणि १७० मिमी किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची. त्याच वर्षी एका लोकप्रिय एसयूव्हीचा क्लिअरन्स २०० वरून १६० मिमीवर उतरला, गाडी तीस टक्क्यांतून सुटली. जीएसटीत तर शब्दयोजनाच ‘एसयूव्ही म्हणून लोकांत ओळखली जाणारी’ अशी होती. लोकांत कोण काय म्हणतं यावर कर ठरवायचा, म्हणजे रंकाळ्यावरच्या गप्पांना अधिसूचनेचा दर्जा. ‘आमची गाडी एसयूव्ही नव्हे, एमयूव्ही (बहुउपयोगी गाडी)’ असं म्हणायला वाट राहिली. शिवाय १७० मिमी भरलेल्या गाडीत मोजायचे की रिकाम्या? जुलै २०२३ मध्ये खुलासा झाला: नाव काहीही असो, तिन्ही अटी बसल्या तर जीएसटीशिवाय २२ टक्के उपकर, आणि मोजणी रिकाम्या गाडीची. सेडान वगळल्या.

हा खुलासा कारकुनी वाटेल, पण फरक मोठा आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये ठरलेली हवा भरा आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधला सर्वांत खालचा भाग शोधा. तो बहुधा सायलेन्सरचा पाइप, ऑइल संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) किंवा नंतर बसवलेली इंजिन गार्डची प्लेट असतो. आता पाच माणसं आणि सामान भरून पुन्हा मोजा. स्प्रिंग दबून काही सेंटिमीटर सहज जातात. त्यात व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा, हिशेब वेगळाच. क्लिअरन्स १६० मिमी धरला, तर २,४५० मिमी व्हीलबेसच्या गाडीला उंचवटा ओलांडताना साधारण १५ अंशांची मोकळीक मिळते. ३,०७९ मिमीच्या लांब मर्सिडीज ई-क्लासला तेवढ्याच क्लिअरन्समध्ये १२ च्या आसपास. म्हणून गल्लीतल्या मनमानी स्पीड ब्रेकरवर कोटीच्या घरातली गाडी पोट घासते आणि दहा लाखांची निघून जाते. ग्राहक उंच गाडीकडे वळला त्यात निव्वळ रुबाब नव्हता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. छोट्या गाडीला १८ टक्के, बाकी सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. आधी मोठ्या गाड्यांवर उपकर धरून ४५ ते ५० टक्के लागायचे, म्हणजे सर्वांत महागड्या गाड्यांचा बोजा उलट हलका झाला. १७० मिमीने दरात आता फरक पडत नाही. चार मीटरची रेषा मात्र तशीच, किंबहुना अधिक रुंद: तिच्या दोन बाजूंमध्ये २२ टक्क्यांचं अंतर आहे. आणखी एक रेषा कुणाच्या लक्षात राहत नाही. जून २०१६ पासून दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा प्राप्तिकर, आगाऊ घेतला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण मर्यादा अजून दहा लाखच. चार मीटरच्या आतली गाडी वरच्या मॉडेलमध्ये ती सहज ओलांडते. एका कायद्याने छोटी, दुसऱ्याच्या नजरेत चैनीची.

विजेच्या गाडीला ५ टक्के, आणि तिथे लांबी कुणी विचारत नाही. त्यामुळे डिझायनरला पुन्हा लांब व्हीलबेस मोकळा झाला. पण बॅटरी फरशीखाली असल्याने गाडीचं अंग जाड होतं. ते झाकायला मोठी चाकं आणि खालच्या कडेला काळं प्लास्टिक येतं. आता गाडीच्या पोटात सर्वांत खाली असतं ते बॅटरीचं आवरण. घासलं तर खर्च सायलेन्सरचा नाही, आणि ब्रोशरमधला आकडा बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो.