जलाशयातील गाळ

नदीने वाहून आणलेली माती, वाळू व गोटे धरणामागच्या संथ पाण्यात बसतात आणि जलाशयाची साठवण वर्षागणिक घटत जाते. हा गाळ धरणाच्या भिंतीशी, अगदी तळाला जाऊन साचतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे, आणि धरणांच्या जुन्या आराखड्यांतली गफलतही तिथलीच.

नदी गाळ दोन तऱ्हांनी वाहते. गोटे आणि जाड वाळू तळावरून गडगडत, टप्पे घेत पुढे सरकतात. बारीक वाळू, पोयटा आणि चिकणमाती पाण्याच्या खळबळीमुळे तरंगत राहतात. पाण्याचा वेग थोडा वाढला तरी वाहून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते, म्हणून वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या पुरांत येतो. दख्खनच्या पठारावर मृगाचा पाऊस पडतो तेव्हा शेते नांगरून उघडी असतात. पहिल्या पुराचे पाणी चहाच्या रंगाचे येते ते त्यामुळे. भाद्रपदापर्यंत पीक जमीन झाकते आणि तीच नदी बरीच निवळते.

नदी जलाशयाच्या फुगवट्यात शिरली की वेग मोडतो. पाव मिलिमीटरहून जाड वाळू तिथेच, शेपटाकडच्या टोकाला बसते आणि हळूहळू धरणाच्या दिशेने सरकणारा त्रिभुज प्रदेश तयार होतो. बारीक कणांची गोष्ट वेगळी. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण संथ पाण्यात एक मीटर खाली यायला दोनेक मिनिटे घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन दिवस लागतात. असे कण एकमेकांना चिकटून जड झाले तर लवकर बसतात. गढूळ पाण्याच्या माठात तुरटी फिरवल्यावर होते तेच. कधीकधी गढूळ पाणी वरच्या स्वच्छ पाण्यात न मिसळता जड प्रवाह बनून तळातून थेट भिंतीपर्यंत पोचते. मोठ्या जलाशयात आलेल्या गाळापैकी ९० टक्क्यांहून अधिक अडकून राहू शकतो. खाली सुटणारे निवळ पाणी मग स्वतःच नदीचा तळ खरवडू लागते.

आराखड्यात गाळासाठी ठेवलेली जागा म्हणजे मृतसाठा, अर्थात सर्वांत खालच्या विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या दाराच्या) पातळीखालचे पाणी. शंभर वर्षांचा गाळ त्यात मावेल, असा हिशेब पूर्वी साधारणपणे धरत. प्रत्यक्षात वाळूचा मोठा भाग वरच्या अंगाला बसतो आणि त्या पातळीच्या वरचा, म्हणजे उपयुक्त साठा पहिल्या वर्षापासूनच खातो. मृतसाठा म्हणजे चिखल असेही नव्हे. भीमेवरील उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात उपयुक्त ५३.५७ आणि मृत ६३.६६ टीएमसी. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' असे सोलापूरकर म्हणतात, तेव्हा संपलेला असतो तो उपयुक्त साठा. शहरासाठी दुबार-तिबार उपसा करून मृतसाठ्यातलेच पाणी घ्यावे लागते.

गाळ मोजण्यासाठी बोटीतून ध्वनिलहरींनी खोली घेतात, किंवा वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरले आहे हे उपग्रहचित्रांवरून काढतात. नाशिकची 'मेरी' (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) ही संस्था अशी सर्वेक्षणे करते. उपग्रहाला मात्र पाणी जिथवर उतरते तिथवरचेच दिसते, त्याखालचा गाळ बोटीलाच विचारावा लागतो.

अंदाज चुकल्याचे जवळचे उदाहरण निजामसागर. बालाघाटात उगम पावणाऱ्या मांजरेवर, आजच्या तेलंगणात, हे धरण १९३१ साली पूर्ण झाले. सुमारे ३० टीएमसीची मूळ साठवण पुढच्या चार दशकांत निम्म्याहूनही खाली आली. चीनमधील सानमेनशिया धरणाची गत याहून वाईट. त्या काळी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहणाऱ्या पीत नदीवर १९६० साली पाणी अडवले आणि काही वर्षांतच साठवणीचा मोठा भाग भरला. गाळाचे थर उपनदी वेईच्या पात्रात मागे चढत गेले, तेव्हा शिआन शहरालाही धोका वाटू लागला. अभियंता हुआंग वानली यांनी आधीच विरोध केला होता. शेवटी भिंतीतल्या तळाच्या मोऱ्या पुन्हा उघडल्या, बाजूने बोगदे खोदले आणि गढूळ पूर सोडून देऊन निवळ पाणी अडवायचे, अशी पद्धत बसवली.

साचलेला गाळ उपसणे हा उपाय लहान तलावांपुरताच खरा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच एक कोटी ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पाच ब्रासच्या टिपरने वीस लाख खेपा! मोठ्या धरणाचा गाळ काढण्याच्या घोषणा या हिशेबाशी ताडून पाहाव्यात. २०१७ साली राज्याने सुरू केलेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना गावतळी आणि पाझर तलाव यांच्या मापाला बसते. तिथला पोयटा शेतकरी मुरमाड रानात पसरतात आणि पहिल्याच हंगामात फरक दिसतो.

मोठ्या धरणांत गाळाचा उपयोग जागेवरच होतो. पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी जमीन कसायला देतात, तिला गाळपेरा म्हणतात. जलसंपदा विभाग ती मोसमापुरती भाडेपट्ट्याने देतो आणि धरणग्रस्तांना प्राधान्य असते. हरभरा, ज्वारी, गहू ही तिथली नेहमीची पिके. ओल आधीचीच असल्याने पाण्याची पाळी क्वचितच द्यावी लागते, आणि पुढचा पूर यायच्या आत सुगी उरकावी लागते.