प्रादेशिक उद्योजकता कार्यक्रम

नवा धंदा काढू पाहणाऱ्यांना एखाद्या राज्यापुरती, जिल्ह्यापुरती किंवा शहरापुरती सरकारी पाठबळाने जी मदत मिळते, तिला हे नाव आहे. मदत म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सबसिडीच येते, पण त्यात ट्रेनिंग असतं, स्वस्तात गाळा असतो, परवान्यांसाठी दहा ठिकाणी फिरायला लागू नये म्हणून एक खिडकी असते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा असतो तो चुकलं की वेळेवर सांगणारा माणूस.

आख्ख्या देशाची एक योजना सोडून भाग धरून काम का करायचं, तर मोठा कारखाना बंद पडला की फटका त्याच गावाला बसतो म्हणून. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हियात असंच झालं होतं, तिथली रिकामी पडलेली इमारत जोसेफ मँकुसो यांनी 1959 मध्ये तुकडे पाडून छोट्या धंद्यांना भाड्याने द्यायला काढली. भाडेकरूंमध्ये कोंबडीची पिल्लं उबवणारी एक हॅचरी होती, नव्या धंद्यांना जागा आणि मदत देणाऱ्या ठिकाणाला इन्क्युबेटर (मूळ अर्थ अंडी उबवायचं यंत्र) म्हणायला लागले ते तिथून. ते काम खाजगी होतं, पण पुढे अनेक सरकारांनी तोच साचा उचलला.

भारतात जिल्हा उद्योग केंद्रं, म्हणजे जिल्ह्यातल्या उद्योजकांना मदत करणारी सरकारी कार्यालयं, 1978 पासून आहेत, लोक त्यांना डीआयसीच म्हणतात. महाराष्ट्राने 2019 मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला, तो केंद्राच्या 2008 च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या धर्तीवर. दोन्हीकडे सबसिडी प्रोजेक्टच्या खर्चाच्या 15 ते 35 टक्के, प्रवर्ग आणि शहर की ग्रामीण त्यावर ठरते, स्वतःचा हिस्सा 5 किंवा 10 टक्के घालायचा आणि बाकीचं बँकेचं कर्ज. इथे बरेच जण फसतात, कारण सबसिडी हातात येतच नाही. केंद्राच्या योजनेत ती बँकेत कर्जदाराच्या नावाने तीन वर्षं वेगळी ठेवतात, युनिट खरंच चालू आहे का ते जागेवर जाऊन बघतात आणि मगच कर्जात वळती करतात. म्हणजे पहिली तीन वर्षं धंदा स्वतःच्या कमाईवर चालला पाहिजे, सबसिडी येईल मग हप्ते भरू असा हिशोब प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरला तर तो कोसळणारच.

उलटं टोक म्हणजे स्टार्टअप चिली. चिली सरकारने 2010 मध्ये बाहेरच्या देशांतल्या उद्योजकांना एक वर्षाचा व्हिसा आणि साधारण 40,000 डॉलर देऊन सँटियागोत बोलावलं, बदल्यात कंपनीत हिस्सा मागितला नाही, फक्त तिथल्या लोकांना शिकवा, त्यांच्यात मिसळा एवढी अट. पुढे संशोधकांनी थोडक्यात निवड झालेले आणि थोडक्यात हुकलेले असे दोन गट ताडून पाहिले, तर नुसते पैसे आणि बसायला जागा मिळालेल्यांमध्ये फार फरक दिसला नाही. फरक दिसला तो ज्या थोड्यांना सोबत मार्गदर्शन मिळालं आणि ज्यांना ठराविक काळाने, ठरवलेलं काम किती झालं ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं त्यांच्यात, त्यांनी जास्त भांडवल उभं केलं आणि जास्त माणसं कामावर घेतली.