झोल्तान लातिनोविच आणि ‘विदेक’ या शब्दाचा गुंता

हंगेरीची राजधानी बुडापेस्टच्या रंगभूमीवर रोमिओ साकारून नावारूपाला आलेले नट झोल्तान लातिनोविच यांनी १९७१ मध्ये राजधानी सोडली आणि ते वेस्प्रेम या शहराच्या नाट्यगृहात रुजू झाले. त्यांच्या चरित्रात हा निर्णय पुष्कळदा वनवासासारखा रंगवला जातो. त्याचे मूळ हंगेरियन भाषेतील ‘विदेक’ या शब्दात आहे. बुडापेस्ट वगळता उरलेला सारा देश म्हणजे विदेक. त्यात खेडे येते तसेच विद्यापीठाचे मोठे शहरही येते, आणि ‘विदेकचा नट’ म्हटले की दुय्यमपणाची छटा आपोआप चिकटते.

नाट्येतिहास मात्र या छटेला दुजोरा देत नाही. विदेकमधल्या मिश्कोल्त्स शहरात हंगेरियन नाटकांसाठी दगडी नाट्यगृह १८२३ मध्येच उभे राहिले. पेश्तला (आजच्या बुडापेस्टच्या एका भागाला) तसे नाट्यगृह मिळायला १८३७ उजाडले. लातिनोविच घडले तेही राजधानीबाहेरच. १९३१ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने १९५६ मध्ये वास्तुशास्त्राची पदवी मिळवली आणि नाट्यशाळेची पायरी न चढता त्याच वर्षी देब्रेत्सेनच्या नाटक मंडळीत प्रवेश केला. तिथे आणि मिश्कोल्त्समध्ये मिळेल ती भूमिका करत त्यांनी आवाज, शब्दफेक आणि रंगमंचावरचा वावर कमावला. १९६२ मध्ये राजधानीने त्यांना बोलावले, तेव्हा नट तयार झालेला होता.

त्यामुळे वेस्प्रेमला जाण्याला पीछेहाट म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांना दिग्दर्शन करायचे होते, आणि ती संधी त्यांना वेस्प्रेममध्ये मिळाली. शिवाय १९०८ मधली तिथली इमारत हंगेरीतील सळई-काँक्रीटच्या आरंभीच्या नाट्यगृहांपैकी एक आहे. वास्तुशास्त्र शिकलेल्या नटाला तिचे मोल वेगळे सांगावे लागले नसणार. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी रंगभूमीच्या कारभाराविषयी इतक्या पोटतिडकीने लिहिले आहे, की ते हरलेल्या माणसाचे लेखन वाटत नाही.

४ जून १९७६ रोजी बालातोन सरोवराकाठच्या सेमेश गावी रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. तो अपघात होता की आत्महत्या, यावर आजही वाद होतो, आणि त्या वादाखाली १९७१ चा निर्णयही निराशेची पहिली खूण म्हणून वाचला जातो. राज्याचा सर्वोच्च कलासन्मान त्यांना मरणोत्तर, साम्यवादी राजवट ओसरत असताना, १९९० मध्ये देण्यात आला.