ठाण्याबाहेरच्या बाईपासून ठाणे अंमलदारापर्यंत

१९४३ सालची गोष्ट. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता आणि इंग्रजांच्या राज्याला समांतर असं स्वतःचं सरकार चालवणारी प्रतिसरकारची चळवळ भरात होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक बाई नवऱ्याचा मार खात होती. भांडण सोडवायला पोलीस बाहेर धावले आणि तेवढ्यात क्रांतिकारकांनी आतली शस्त्रं लांबवली. ती बाई म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, हौसाबाई पाटील. 'नवरा' चळवळीतलाच साथीदार. भांडण खोटं, मार मात्र खरा.

तेव्हा आपल्याकडच्या बाईचा ठाण्याशी संबंध आला तो असा, बाहेरून. कायद्याला मात्र ती आत हवी होती. बाईची झडती बाईनेच घ्यावी, हे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच लिहिलेलं होतं. देशात वर्दीतल्या बायका दिसू लागल्या त्या १९३० च्या दशकात, आणि पुढेही बरीच वर्षं त्यांच्या वाट्याला झडती, महिला आरोपी, मोर्चातल्या बायकांना आवरणं एवढंच काम आलं. किरण बेदी आयपीएस झाल्या १९७२ मध्ये.

माझ्या मते आपल्याकडे खरं दार उघडलं ते महाराष्ट्र सरकारच्या १९९४ च्या महिला धोरणाने. सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के जागा मिळाल्या आणि शिपाईपदाची भरती खेड्यातल्या पोरींच्या आवाक्यात आली. त्याच दशकात मीरा बोरवणकर साताऱ्याच्या पोलीस अधीक्षक होत्या. २०१९ मध्ये त्याच खुर्चीत तेजस्वी सातपुते बसल्या. जिल्ह्याची एसपी बाई आहे म्हटल्यावर लेकीला भरतीला सोडताना बापाचा जीव थोडा कमी धास्तावतो, हे मी पाहिलंय.

कामही वाढत गेलं. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर महिला अधिकारी हवी, हा नियम २००५ च्या दुरुस्तीने आला. २०१३ पासून बलात्काराची फिर्यादही महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. म्हणजे ठाण्यात बाई असणं ही आता पीडितेची गरज झाली.

भरतीसाठी मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं, चार किलोची गोळाफेक आणि मग लेखी. त्याआधी उंची, १५५ सेंटीमीटर. तासगाव तालुक्यात, जिथे तुरचीचं पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, एका घराच्या चौकटीवर मी पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. प्रत्येकीपुढे तारीख. सगळ्यात वरची १५४ वर होती. पोरगी सतरा वर्षांची. आई म्हणाली, "पहाटे उठून लोंबकळते आंब्याच्या फांदीला. वाढंल अजून."