कोंबड्यांवरील माइट व त्यांचे निवारण

परसातील कोंबड्यांना त्रास देणारे माइट हे कोळी आणि गोचीड यांच्या वर्गातील सूक्ष्म परजीवी असून पक्ष्याचे रक्त किंवा कातडी हे त्यांचे अन्न असते. तांबडा माइट (डर्मानिसस गॅलिनी), उष्ण प्रदेशातील ऑर्निथोनिसस बर्सा आणि पायांच्या खवल्यांखाली राहणारा नेमिडोकॉप्टीस म्यूटन्स या त्यांतील महत्त्वाच्या जाती होत. प्रत्येकीचे राहण्याचे ठिकाण निराळे असल्यामुळे उपाय योजण्यापूर्वी जात ओळखणे आवश्यक असते.

सर्वांत चिवट जात तांबड्या माइटची आहे. सुमारे १ मिमी लांबीचा हा प्राणी उपाशी असताना करडा दिसतो आणि रक्त पिऊन तांबडा होतो. दिवसभर तो खुराड्याच्या फटींत, बसण्याच्या दांडीच्या खालच्या बाजूस व अंडी घालण्याच्या खोक्यात दडून राहतो आणि अंधार पडल्यावर कोंबड्यांवर चढतो. अनुकूल उबेत त्याची अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतची वाढ साधारण एका आठवड्यात पुरी होते. शिवाय थंड व दमट जागी तो अन्नावाचून कित्येक महिने जगतो, त्यामुळे काही काळ रिकामे ठेवलेले खुराडे निर्धोक झाले असे मानता येत नाही. अशा स्थितीत कोंबडीच्या अंगाला औषध लावून भागत नाही; खरा उपचार खुराड्यावरच करावयाचा असतो.

संध्याकाळी खुराड्यात शिरण्यास कोंबड्यांनी नकार देणे, तुरा फिका पडणे, अंडी कमी होणे, अंड्यांच्या कवचावर रक्ताचे ठिपके दिसणे आणि खुडूक कोंबडीने उबवणे अर्धवट सोडून उठणे ही उपद्रवाची लक्षणे आहेत. उपद्रव फार वाढल्यास पिल्ले रक्तक्षयाने मरतात. खात्री करण्यासाठी रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालून पांढरा कागद फिरवावा. त्यावर तांबडे ओरखडे उमटले, तर माइट आहेत असे समजावे.

उपचाराच्या दिवशी कोंबड्या बाहेर काढून खुराड्यातील तूस, गवत व विष्ठा जाळून टाकावी, दांड्या व खोकी सुटी करावीत आणि फटींत उकळते पाणी ओतावे. खुराडे वाळल्यावर पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात परमेथ्रिनसारखे कीटकनाशक फटींत बसेल असे फवारावे व ते पूर्ण सुकल्यावरच कोंबड्या आत घ्याव्यात. माइटच्या अंड्यांवर औषधाचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरी फवारणी करणे अनिवार्य ठरते. बहुतेकांचा उपचार फसतो तो ही दुसरी फवारणी टाळल्यामुळे. नंतर फटी बुजवून चुन्याचा हात द्यावा. डायटम माती (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) माइटच्या अंगावरील मेणाचा थर नष्ट करून त्याला शुष्क करते, परंतु दमट हवेत तिचा गुण उतरतो; कोकणातील पावसाळ्यात तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. रॉकेल लावण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी, कारण त्याने कोंबडीची कातडी भाजते आणि आगीचाही धोका असतो.

औषध निवडताना अंडी कोणी तरी खाणार आहे, हे विसरता कामा नये. २०१७ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममधील कोंबडीपालन केंद्रांत माइटसाठी फिप्रोनिल हे निषिद्ध द्रव्य वापरल्याचे उघडकीस आले आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. त्याच वर्षी युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यातून देण्याच्या फ्लुरालानेर या औषधास मान्यता दिली. ते ७ दिवसांच्या अंतराने दोनदा देतात आणि रक्त पिणाऱ्या माइटला ते मारते. कुत्र्यांसाठीची गोचीडनाशके कोंबड्यांवर आपल्या मनाने वापरू नयेत.

ऑर्निथोनिसस बर्सा मुख्यतः पक्ष्याच्या अंगावर, विशेषतः गुदद्वाराभोवती राहतो आणि तेथील पिसे काळपट व मळकट होतात. येथे मात्र पक्ष्यावरच भुकटी किंवा फवारा वापरावा लागतो, आणि एकही कोंबडी वगळून चालत नाही.

नेमिडोकॉप्टीसमुळे पायांचे खवले उचलले जाऊन पाय जाड व खरबरीत होतात आणि पुढे कोंबडी लंगडते. पाय कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासावेत व व्हॅसलिन किंवा खाद्यतेलाचा जाड लेप द्यावा, म्हणजे आतील माइट गुदमरून मरतात. हा क्रम काही आठवडे चालवावा. खवले ओढून काढू नयेत, कारण त्याने रक्त येते. विकृत खवले गळून नवे येण्यास बराच काळ लागतो, तेवढ्यावरून उपचार निष्फळ झाला असे समजू नये.