गेम कामगारांची युनियन चळवळ

व्हिडिओ गेम बनवणारे, तपासणारे, त्यातल्या पात्रांना आवाज देणारे लोक युनियन काढून पगार, कामाचे तास, नोकरीची शाश्वती आणि श्रेयनामावलीत नाव यासाठी मालकांशी एकत्र बोलणी करायला लागले, त्या सगळ्या धडपडीला मिळून हे नाव. आपल्याकडे ‘गेमिंग’ म्हटलं की रमी नि फँटसी क्रिकेटची ॲपं डोळ्यासमोर येतात, ती इथे धरलेली नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि तिथल्या बऱ्याच जणांना नारळ मिळाला, पण ते प्रकरण वेगळं.

उगम : चळवळ नेमकी कधी सुरू झाली यावर एकमत नाही. बरेच जण २००४ पासून मोजतात. त्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या गेम कंपनीतल्या एका प्रोग्रामरच्या होणाऱ्या बायकोने ‘ईए स्पाउस’ या टोपणनावाने नेटवर एक खुलं पत्र टाकलं, की आठवड्याचे सातही दिवस हा ऑफिसात असतो आणि ओव्हरटाइमचा एक पैसा नाही. (नाव पुढे उघड झालं, एरिन हॉफमन.) रिलीजच्या आधी अशा तऱ्हेने माणसं पिळून काढायची याला या धंद्यात ‘क्रंच’ म्हणतात, तो शब्द बाहेरच्या लोकांना कळला तो बराचसा या पत्रामुळे. कंपनीवर दावे झाले आणि तडजोडीत आर्टिस्ट लोकांना १ कोटी ५६ लाख डॉलर, नंतर प्रोग्रामरना १ कोटी ४९ लाख डॉलर द्यावे लागले. पण यात युनियन कुठे आहे? हा थकलेल्या ओव्हरटाइमचा कोर्टातला दावा होता, पैसे मिळाले आणि विषय मिटला.

दुसरं मत आणखी मागे, १९७९ ला नेतं. अटारी कंपनी गेम लिहिणाऱ्याचं नाव डब्यावर छापत नसे, विक्रीतला वाटाही देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरने आपलं नाव गेममधल्या एका चोरखोलीत लपवून ठेवलं आणि बाकी चार जणांनी राजीनामे देऊन ॲक्टिव्हिजन काढली. गोष्ट रंगतदार आहे आणि म्हणूनच ती सगळीकडे सांगितली जाते. पण चार हुशार माणसं बाहेर पडून स्वतः मालक झाली, याला चळवळ म्हणायचं तर मग प्रत्येक भागीदारी फर्म ही चळवळच.

तिसरं मत १९८२-८३ चं, आणि पुराव्यानिशी तेच जास्त पटतं. अटारीच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात गेमची मशिनं जोडणाऱ्या कामगारांमध्ये चक्क काच बसवणाऱ्या कारागिरांच्या युनियनने संघटन करायला घेतलं होतं. फेब्रुवारी १९८३ मध्ये कंपनीने जवळपास १,७०० जणांचं काम हाँगकाँग आणि तैवानला हलवत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षाअखेर झालेल्या मतदानात युनियन मोठ्या फरकाने हरली. हरली म्हणून इतिहासातून गाळायची हे बरोबर नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तोही हरलाच, पण तो वगळून ठाणे-मुंबईच्या कामगारांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

२०१८ नंतर : मधली वर्षं तुरळक आहेत. २०१६-१७ मध्ये अमेरिकेतल्या आवाज-कलाकारांचा जवळपास वर्षभराचा संप झाला, २०१७ ला फ्रान्समध्ये गेम कामगारांची स्वतःची युनियन निघाली. मार्च २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर परिषदेत युनियनच्या फायद्या-तोट्यांवर चर्चा ठेवली होती, तिच्या आसपास ‘गेम वर्कर्स युनाइट’ हा गट उभा राहिला. त्याच वर्षी दक्षिण कोरियात नेक्सॉन आणि स्माइलगेट या गेम कंपन्यांमध्ये युनियन झाल्या. कोरियातलं भांडण आपल्या वाचकाला लगेच समजेल, कारण तिथे ओव्हरटाइम ठोक पगारातच धरलेला असायचा, आपल्याकडे ऑफर लेटरवर सीटीसीचा आकडा दाखवून वरच्या तासांचं काही विचारू नका म्हणतात तसंच.

अमेरिकेत खरा जोर टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणाऱ्या लोकांनी लावला. रेवन सॉफ्टवेअर या ॲक्टिव्हिजनच्या स्टुडिओत काही टेस्टरना काढल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये काम बंद झालं आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन आली. म्हणजे श्रेयाच्या भांडणातून जन्मलेली कंपनीच चार दशकांनी मालकाच्या खुर्चीत. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सीडब्ल्यूए’ या दूरसंचार कामगारांच्या जुन्या युनियनशी आपण मध्ये पडणार नाही असा करार केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच झेनिमॅक्स कंपनीतल्या सुमारे ३०० टेस्टरच्या युनियनला मान्यता मिळाली. मार्च २०२५ मध्ये निघालेल्या ‘युनायटेड व्हिडिओगेम वर्कर्स’मध्ये तर कंपनी कुठलीही असो, फ्रीलान्सर असो की नुकताच ले-ऑफ झालेला, थेट सभासद होता येतं.

टेस्टरच पुढे का, हे त्याचं काम बघितलं की कळतं. पात्राला भिंतीच्या कडेकडेने चालवायचं, दर दोन पावलांवर भिंतीत घुसवून बघायचं, घुसलं तर व्हिडिओ काढून बग (चूक) म्हणून नोंदवायचं, नवीन बिल्ड (गेमची सुधारलेली आवृत्ती) आला की परत पहिल्या भिंतीपासून. लोकांना वाटतं दिवसभर गेम खेळायचे पगार मिळतात. बिल्ड परदेशातून संध्याकाळी येतो, त्यामुळे शिफ्ट संपते तेव्हा घणसोलीहून ठाण्याची शेवटची लोकल मिळेल का हाच प्रश्न असतो. महाप्याच्या एका ऑफिसात मी एकाच टेबलावर दोन रंगांच्या दोऱ्यांची ओळखपत्रं पाहिलीत, एक कंपनीच्या पेरोलवरचा आणि एक कंत्राटदाराचा, काम तंतोतंत तेच.

कायदा : भारतात युनियन काढणं अवघड नाही. १९२६ च्या कायद्याने सात जण अर्ज करू शकत, २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या ठिकाणचे किमान १० टक्के किंवा १०० कामगार (जे कमी असेल ते) सभासद लागत, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही या अटी तशाच आहेत. मान्यता, म्हणजे मालकाशी बोलणी करायचा हक्क, मिळवणं अवघड. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात त्यासाठी ३० टक्के सभासदत्व लागायचं, तर नव्या संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्क्यांची अट आहे.

त्याहून किचकट मुद्दा म्हणजे गेम बनवणारा ‘कामगार’ आहे का. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कार्यचालनाचं, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार अशी व्याख्या होती, नव्या संहितेतही हे प्रकार तेच आहेत. सँडोझ कंपनीच्या १९९४ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काम यातल्या एका तरी प्रकारात बसलंच पाहिजे, नुसतं मॅनेजर नाही म्हणून भागत नाही. २००१ मध्ये भोपाळच्या भारत भवनच्या नाट्यकलाकारांना कोर्टाने कामगार मानलं नाही, कारण काम सर्जनशील. हे गेमला लावलं तर टेस्टर तांत्रिक म्हणून आत, प्रोग्रामर बहुधा आत, आणि पात्रं रंगवणारा आर्टिस्ट नि गोष्ट लिहिणारा मात्र उंबरठ्यावर. देखरेख करणाऱ्याचा पगार महिना १८,००० रुपयांवर गेला की तो कामगार धरला जात नाही, त्यामुळे ‘लीड’ ही पदवी दिली की तो माणूस बाहेर काढायला कंपनीला वाट मोकळी.

ठाणे-बेलापूर पट्टा : एमआयडीसीची सुरुवात १९६२ ला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली, गेट मीटिंग आणि लाल झेंडे या भागाला नवे नाहीत. जिथे केमिकलचे नि इंजिनिअरिंगचे कारखाने होते तिथे ऐरोली, रबाळे, महापे भागात आता काचेच्या इमारती आहेत, आणि गेम, ॲनिमेशन, टेस्टिंगची कामं आयटीच्याच पोटात चालतात. त्यामुळे तक्रार घेऊन जायचं तर आयटीवाल्यांच्या सर्वसाधारण संघटनांकडे, पुण्याची ‘नाइट्स’ त्यातली ठळक; कर्नाटकात २०१७ ला नोंदलेली ‘किटू’ आहे.

याच पट्ट्यात वाशीला माथाडींचं मोठं बळ आहे, आणि अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला १९६९ चा माथाडी कायदा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. हमाल आज एका गाळ्यावर तर उद्या दुसऱ्या, म्हणून नोंदणी माथाडी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मालकाने वर लेव्ही भरायची ज्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा निघते. कंत्राटी टेस्टर दर प्रोजेक्टला असाच गाळा बदलतो. फक्त त्या कायद्याच्या अनुसूचीत ओझी उचलण्याची कामं आहेत, बग शोधण्याचं नाही.