पाश्चात्त्य युद्धपद्धती : १९९० नंतरची स्थित्यंतरे

शीतयुद्ध संपल्यापासून अमेरिका आणि तिची युरोपीय मित्रराष्ट्रे यांची युद्ध लढण्याची रीत निदान तीनदा पालटली. प्रथम मोठ्या फौजांची जागा अचूक हवाई माऱ्याने घेतली. मग इराक-अफगाणिस्तानात वर्षानुवर्षांची गस्त आणि बंडखोरांशी झुंज आली. २०२२ पासून पुन्हा तोफा, खंदक आणि दारूगोळ्याचे कारखाने चर्चेत आहेत. पहिल्या दोन्ही टप्प्यांवर एका आग्रहाची छाप आहे : आपली माणसे कमीत कमी मरावीत आणि युद्धाची झळ मायदेशी पोचू नये. या काळातील बदलांचे श्रेय सहसा तंत्रज्ञानाला दिले जाते; प्रत्यक्षात तंत्रज्ञान बरेचदा या आग्रहामागून चालत आले.

या आग्रहाचे मूळ व्हिएतनाममध्ये आहे. त्या युद्धात सुमारे ५८,००० अमेरिकी सैनिक मरण पावले आणि १९७३ मध्ये अमेरिकेने सक्तीची लष्करभरती थांबवली. पगारी, स्वेच्छेने आलेला सैनिक तयार करायला खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, त्यामुळे त्याला वाटेल तिथे झोकून देणे परवडत नाही. १९८३ मध्ये बैरूतच्या बराकीवरील स्फोटात २४१ अमेरिकी जवान ठार झाल्यावर संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी १९८४ मध्ये युद्धात उतरण्याच्या अटीच मांडल्या : राष्ट्रहित ठळक हवे, उद्दिष्ट स्पष्ट हवे, जनतेचा पाठिंबा हवा आणि उतरायचेच तर जिंकण्याइतक्या ताकदीने उतरायचे. पुढे सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष झालेले कॉलिन पॉवेल याच विचाराचे होते.

१९९१ चे आखाती युद्ध हा या विचाराचा नमुना ठरला. १७ जानेवारीला सुरू झालेली बाँबफेक पाच आठवड्यांहून अधिक काळ चालली आणि त्यानंतरची जमिनीवरची लढाई अवघ्या १०० तासांत आटोपली. २६ फेब्रुवारीला वाळूच्या वादळात, काही शे मीटरपलीकडचे दिसत नसताना, अमेरिकी रणगाड्यांनी उष्णतेवरून वेध घेणाऱ्या दुर्बिणींच्या जोरावर इराकी रिपब्लिकन गार्डचे टी-७२ रणगाडे टिपले. लष्करी बनावटीची जीपीएस यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून बाजारातली नागरी यंत्रे हजारोंनी विकत घेऊन वाळवंटात वाटली गेली. टीव्हीवर मात्र जगाने पाहिली ती इमारतीच्या झरोक्यातून आत शिरणाऱ्या बाँबची चित्रफीत. वास्तविक त्या युद्धात टाकलेल्या बाँबांपैकी मार्गदर्शित, म्हणजे लक्ष्याकडे वळवता येणारे, बाँब एकदशांशाहूनही कमी होते. बाकी सारा मारा जुन्या धाटणीचाच होता. पण चित्रफितीचा परिणाम आकडेवारीपेक्षा खोल झाला.

नव्वदच्या दशकात ‘लष्करी क्रांती’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. संवेदक (सेन्सर), उपग्रह आणि मार्गदर्शित अस्त्रे यांचे जाळे विणले की लहान सैन्यही मोठ्याला भारी पडेल, असे लष्करी विचारवंत म्हणू लागले. त्याच दशकात माणसे गमावण्याची धास्तीही वाढली. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या गल्ल्यांत १८ अमेरिकी सैनिक ठार झाले आणि अमेरिकेने सोमालियातून पाय काढता घेतला. पुढच्याच वर्षी रवांडात नरसंहार सुरू झाला, तेव्हा हस्तक्षेपाला कोणी तयार नव्हते.

सर्बियाच्या कोसोव्हो प्रांतात १९९९ मध्ये हा आग्रह टोकाला पोचला. नाटोने ७८ दिवस फक्त आकाशातून युद्ध केले, तेही बव्हंशी १५,००० फुटांवरून, आणि शत्रूच्या हल्ल्यात एकही सैनिक न गमावता सर्बियाला (तेव्हाच्या युगोस्लाव्हियाला) माघार घ्यायला लावली. हल्ल्याच्या लक्ष्यांची छाननी करायला लष्करी वकील बसत. तरीही ७ मेच्या रात्री मिसुरीहून उडालेल्या बी-२ विमानाने बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर उपग्रह-मार्गदर्शित बाँब टाकले आणि तीन चिनी नागरिक ठार झाले. लक्ष्य होते तिथून काही शे मीटरवरचे युगोस्लाव्ह लष्करी खरेदीचे कार्यालय. अमेरिकेच्या खुलाशानुसार इमारत ओळखण्यातच चूक झाली होती. चीनने तो खुलासा मान्य केला नाही. बाँब मात्र सांगितल्या जागीच पडले होते. कुठे मारायचे हे ठरवणारी माहिती कच्ची असेल तर अचूकपणाचा उपयोग नाही, हा धडा पुढेही वारंवार गिरवावा लागला.

२००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानात मोजके अमेरिकी विशेष सैनिक स्थानिक सरदारांबरोबर घोड्यावर बसून हिंडत होते आणि लेझरने खुणावून बी-५२ विमानांकडून बाँब टाकून घेत होते. दोन-सव्वादोन महिन्यांत तालिबानची राजवट कोसळली. या यशाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांचा हलक्या, वेगवान सैन्यावरचा विश्वास पक्का झाला. इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील, असे लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेट समितीपुढे सांगितले, तेव्हा त्यांचे म्हणणे जाहीरपणे उडवून लावण्यात आले. बगदाद तीन आठवड्यांत पडले, पण शहर राखायला माणसे नव्हती. त्यात मे महिन्यात इराकी सैन्य बरखास्त झाले आणि लाखो शस्त्रशिक्षित पुरुष बेकार झाले.

यानंतरची काही वर्षे गनिमी युद्धाची. रस्त्याकडेला पुरलेली घरगुती स्फोटके हे शत्रूचे मुख्य शस्त्र होते. त्यावर उतारा म्हणून व्ही आकाराच्या तळाच्या, स्फोटाचा जोर बाजूला सारणाऱ्या अवजड गाड्या हजारोंनी घेतल्या गेल्या. ही मूळ युक्ती १९७० च्या दशकातील दक्षिण आफ्रिका-ऱ्होडेशियाकडची (आताचे झिंबाब्वे). डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी सेनानी डेव्हिड पेट्रेयस यांच्या पुढाकाराने बंडविरोधी लढ्याची नवी नियमपुस्तिका निघाली. बंडखोर मारण्यापेक्षा वस्तीला संरक्षण देणे महत्त्वाचे, हा तिचा गाभा. २००७ मध्ये इराकमध्ये सुमारे ३०,००० जादा सैनिक पाठवले गेले आणि हिंसा घटली. श्रेय पुस्तिकेला मिळाले, पण अन्बार प्रांतातील सुन्नी टोळ्या त्याआधीच अल कायदावर उलटल्या होत्या, हे विसरता येत नाही. तोच प्रयोग अफगाणिस्तानात फसला. या काळात रसद, स्वयंपाक, पहारा अशी कामे खासगी कंपन्यांकडे गेली. सप्टेंबर २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अशाच एका कंपनीच्या सशस्त्र पहारेकऱ्यांनी केलेल्या गोळीबारात १७ नागरिक ठार झाले.

थकलेल्या सरकारांना यातून ड्रोनची वाट सोपी वाटली. नेव्हाडातील क्रीच तळावर बसलेला चालक हजारो मैलांवरच्या माणसाला पडद्यावर पाहून क्षेपणास्त्र सोडे आणि पाळी संपली की गाडी चालवत घरी जाई. युद्ध जाहीर न झालेल्या येमेन, पाकिस्तान, सोमालियातही असे हल्ले झाले. जमिनीवर लढायला स्थानिक सैन्य आणि वरून पाश्चात्त्य विमाने ही जोडी २०१७ पर्यंत मोसुलमध्ये वापरली गेली. शहर इस्लामिक स्टेटच्या हातून सुटले, पण जुना भाग ढिगारा झाला आणि हजारो नागरिक प्राणाला मुकले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल सोडण्याच्या आदल्या दिवशी, अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा गाडीवर नेम धरला. तासन्‌तास पाळत ठेवूनही ओळख चुकली : गाडीवाला अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता आणि स्फोटके समजलेली भांडी बहुधा पाण्याची होती. सात मुलांसह दहा नागरिक मारले गेले. चूक झाल्याचे संरक्षण खात्याने १७ सप्टेंबरला मान्य केले.

तोवर विचाराचा काटा फिरू लागला होता. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर नाटो देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के संरक्षणावर खर्च करण्याचे ठरवले, आणि २०१८ च्या अमेरिकी संरक्षणनीतीने दहशतवादाऐवजी मोठ्या राष्ट्रांमधील स्पर्धेला अग्रक्रम दिला. पण कोठारांची स्थिती निराळी होती. २०११ मध्ये लिबियासारख्या लहान मोहिमेतही युरोपीय देशांना मार्गदर्शित बाँब कमी पडले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा अमेरिकेत १५५ मिमीचे तोफगोळे महिन्याला सुमारे १४,००० बनत होते. युक्रेनी तोफा तेवढे काही दिवसांत संपवत. काही शे डॉलरचे ड्रोन लाखो डॉलरचे रणगाडे फोडत होते, आणि दर्जेदार पण मोजकी शस्त्रे बाळगण्याचे पाश्चात्त्य गणित कोलमडत होते. जर्मनीने १०० अब्ज युरोचा खास निधी उभारला. २०१० मध्ये सक्तीची भरती थांबवलेल्या स्वीडनने ती २०१७ मध्येच परत आणली होती, लॅटव्हियाने २०२४ पासून सुरू केली. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोने २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे उद्दिष्ट स्वीकारले, त्यातले साडेतीन टक्के थेट लष्करावर.

शस्त्रांवर घालून घेतलेली बंधनेही सैल झाली. समूह-बाँबवरील (एकातून अनेक छोटे बाँब विखुरणाऱ्या अस्त्रांवरील) बंदीचा करार अमेरिकेने कधीच स्वीकारला नव्हता. जुलै २०२३ मध्ये तिने ते युक्रेनला दिले. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारातून बाहेर पडण्याचे २०२५ मध्ये एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया, पोलंड आणि फिनलंड यांनी ठरवले. हे पाचही देश रशियाचे शेजारी आहेत.